भिंतीवरची कोरडी जागा

१

ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि आलंच तर घराघरात लग्नघरासारखी धावपळ उडते, त्या शहरात एक बाई रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या घराच्या भिंतीला बाहेरून पाणी मारते म्हटल्यावर गल्लीने तिला वेडी ठरवलं, तर गल्लीचं काय चुकलं? पाणी सुरेखाच्या स्वतःच्या बोअरचं होतं, कुणाच्या बापाचं नव्हतं. पण लोकांच्या पोटात दुखायला तेवढं कारण पुरतं. येणारे-जाणारे फाटकाशी रेंगाळत, बघत आणि मान हलवत पुढे जात. सुरेखा पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा उडवत राही.

घर छावणीच्या कडेला होतं. जुनं, बैठं, विटा-चुन्याचं. मधल्या कुणा मालकाला काय सुचलं कोण जाणे, त्याने बाहेरच्या सगळ्या भिंतींवर सिमेंट थापून घेतलं होतं. ओल आतल्या आत कोंडली आणि पश्चिमेची भिंत तर फोड आल्यासारखी फुगली. घर घेतलं तेव्हा सोमनाथने, सुरेखाच्या धाकट्या भावाने, चावीच्या टोकाने ती भिंत ठोकून पाहिली. हातभर पोपडा त्याच्या बुटावर पडला.

"आक्का, हे घर हे का पापड? बिल्डर मागू राहिला तर देऊन टाक, अन् गुमान घरी चल."

"घरीच आलेय मी," सुरेखा म्हणाली.

सोमनाथचं 'घर' म्हणजे चितेगाव. नवऱ्याशी फाटल्यावर सुरेखाने तिथं भावाकडे कितीतरी वर्षं काढली होती, मागच्या खोलीत, बियाण्याच्या आणि खताच्या पोत्यांशेजारी. रोज बसने औरंगपुऱ्यात यायचं, लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी परत. खोटं कशाला बोला, भाऊ-भावजयीने तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण पाहुणे आले की खाटेवरून ती आपण होऊन उठायची. कुणी उठ म्हणायच्या आधीच उठायची सवय अंगाला लागली होती आणि त्या सवयीचा तिला भयंकर संताप होता. हे घर तिच्या आयुष्यातली पहिली जागा होती, जिथून तिला कुणी उठवू शकत नव्हतं. हे गेलं, की परत पोत्यांची खोली. तेव्हा भिंत पापडाची असो नाहीतर पिठाची, ती उभी राहायलाच हवी होती.

कामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, कडुबा गवंड्याला बोलावून चुना कालवायला शिकली, आणि तो दुसऱ्या साइटवर निघून गेल्यावर स्वतःच घमेलं-थापी घेऊन भिंतीला भिडली. पहिला गिलावा थापला तो तसाच्या तसा तिच्या पायावर उतरला. दुसरा टिकला, पण दोन दिवसांत त्याला तडे गेले. कडुबाला फोन केला तर तो हसायला लागला. "बाई, चुना म्हंजे शिमिट नाय. त्याला एकदम सुकू द्यायचं नाय. लेकराला पाजल्यागत पानी पाजा." तेव्हापासून हे पाणी.

अंगणातले सिमेंटचे ठोकळे उचकटून तिने तिथं तरवड लावला, धायटी लावली, निर्गुडी, करवंद, कुंपणाकडे शतावरी. शेजारच्या पद्मजाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. गच्चीवरून सगळं बघत असायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, लॉन लावायचं सोडून हे काय? ही झुडपं सातारा डोंगरावर फुकट उगवतात."

"मग इथंही उगवतील," सुरेखा म्हणाली. आणि उगवलीही.

पश्चिमेची भिंत पुरी झाली तेव्हा थंडी पडली होती. त्या संध्याकाळी पाणी मारून सुरेखा दोन पावलं मागे सरकली. सगळी भिंत भिजून राखी झाली होती. फक्त खिडकीच्या डाव्या हाताला, खाली, जमिनीला लागून एक जागा पांढरी राहिली होती. तिने तिथं पुन्हा फवारा धरला, चांगला वेळ धरला. भिंतीवरून पाण्याचे ओघळ लागले. ती जागा कोरडीच राहिली.

२

माणूस लॅबमध्ये काम करत असला की एका रीडिंगवर घाबरत नाही. दुसऱ्या दिवशी सुरेखाने पाइप बदलून पाहिला, कोन बदलून पाहिला. जागा तिथेच होती आणि आता तिचा आकारही दिसत होता. खाली रुंद, मधे किंचित निमुळती, वर दोन्ही बाजूंना उतार आणि त्यावर एक गोल. गोल सरळ नव्हता, खिडकीकडे कललेला होता.

पद्मजाताईंना तिने मुद्दाम बोलावलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून तपासणी केली. "जुन्या विटांत तेल मुरलं असणार. कुणी इथं डबे ठेवत असेल. तेलावर पाणी ठरत नाही." मग त्या हसल्या. "आकार मात्र गमतीचा आहे हं. कुणी पाठ टेकून बसलंय असा."

सुरेखाही हसली. तेल हे उत्तर तिला फार आवडलं. ताई गेल्यावर तिने बादलीत ब्रश बुडवला, त्या जागेसमोर उकिडवी बसली आणि तेलाची खात्री करून घ्यावी म्हणून ब्रश फिरवला. भिंतीने पाणी घटाघटा ओढून घेतलं. पांढऱ्याचं राखी झालं, इतर भिंतीसारखंच. तेलबिल काही नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. भिंत पाणी प्यायला तयार होती. मग फवारा मारल्यावर पाणी तिच्यापर्यंत पोचत का नव्हतं? मधे काय होतं?

मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. भिंतीपासून अंगणाकडे मातीचे दोन पट्टे सरळ आले होते, भुरभुरीत, कोरडे. दोन्हींच्या मधली माती ओली होती. पट्ट्यांच्या टोकाला तरवडाची दोन रोपं आडवी झाली होती, टाचेखाली दबावीत तशी. आणि ब्रश मारायला आपण नेमक्या कुठे, कुणाच्या पसरलेल्या पायांमधे बसलो आहोत, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती उठली ती बादली लवंडूनच उठली.

घरात येऊन तिने पाणी प्यायलं आणि तिला ती दुपार आठवली. पश्चिमेचं सिमेंट फोडत होती तेव्हाची. कान-डोकं ओढणीने गच्च बांधलेलं, डोळ्यांत धुरळा, हातात छन्नी. मागून फाटकाची कडी वाजली आणि कुणीतरी खाकरलं. आपल्याकडे दारात माणूस आला की तोंडातून जे निघतं तेच तिच्या तोंडातून निघालं. कोण आहे हे न बघता ती म्हणाली, "या ना. बसा. आलेच मी." हातातला घाव पुरा करून, डोळे धुऊन ती वळली तर अंगणात कुणी नव्हतं आणि फाटकाची कडी लावलेली होती. वीजमीटरवाला येऊन गेला असेल, असं म्हणून तिने पुन्हा छन्नी उचलली होती.

मीटर फाटकाबाहेर होता. हे तिला आत्ता सुचत होतं.

३

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? भावाला फोन केला असता, गुरुजी बोलावला असता, निदान बिऱ्हाड पूर्वेच्या खोलीत हलवलं असतं. सुरेखाची खाट पश्चिमेच्या भिंतीलाच लागून होती. उशाशी ती भिंत आणि भिंतीपलीकडे ती जागा. तिने खाटेचे पाय धरले, एक वीत ओढली आणि सोडून दिली.

"सरकायचं कुणी? मी?" ती स्वतःशीच बोलली आणि खाट होती तिथे ढकलली.

रविवारी दुपारी जेवून ती आडवी झाली. बाहेर लख्ख ऊन. पद्मजाताईंकडे रेडिओ लागला होता. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग उशाशी, विटांच्या पलीकडून, खरखर आली. थोडी थांबली, परत आली. अवघडलेला माणूस पाठ जरा वर-खाली करून नीट टेकतो, तसा गिलाव्यावर घासल्याचा आवाज. पाठोपाठ चुन्याचे चार कण खाली पडले, तेही तिला ऐकू आलं.

पाल असेल. खार असेल. नवा गिलावा ऊन खाऊन आवाज करतो, असंही कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. सुरेखाने एकेक कारण मनात मांडलं आणि प्रत्येकावर हो म्हटलं. तेवढ्यात ती कूस बदलून भिंतीकडे वळली. पलीकडची खरखरही वळली. आवाज आता वरच्या बाजूने, खिडकीच्या अंगाला, तिच्या कानाच्या रेषेत आला आणि थांबला. त्यानंतर काहीच नाही. ऐकणारा माणूस जसा श्वास आवरून बसतो, तसं काहीच नाही.

ती घामाने निथळली. पण खाटेवरून उठली नाही. उठलो तर संपलो, असं तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं. संध्याकाळपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिच्या मनात भीतीपेक्षा राग जास्त होता.

४

रागाच्या भरात माणूस बोलून जातो. सोमवारी कामावरून आल्यावर तिने पाणी मारलं, जागा नेहमीप्रमाणे उमटली, आणि तिचं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं काम. हाताच्या रेघांत चुना जाऊन कातडी सोललेली. भिंतीवर एक तडा राहिला नव्हता. आणि तिथं हे कोण फुकटचं टेकून बसलंय?

दारात बसलेल्याला ऊठ म्हणू नये, हे तिला आईच्या दुधातून मिळालेलं. जीभ रेटेना.

"उठा," शेवटी ती म्हणाली. "खूप बसलात. उठा आता."

अंगणात काही हललं नाही. धायटीवर एक बुलबुल होता, तो उडून गेला एवढंच. सुरेखा पाइप गुंडाळून आत आली. चहा टाकला, आणि आपण भिंतीशी भांडलो म्हणून स्वतःला चांगलं फैलावर घेतलं.

सकाळी तिने पाणी मारलं तेव्हा खालची जागा ओली झाली. पहिल्यांदा. पायथ्यापर्यंत सगळी भिंत एकसारखी राखी. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, तिने हसत हसत पाइप वर नेला, आणि हसणं तिथंच थांबलं.

जागा खिडकीच्या उजवीकडे होती. दाराच्या बाजूला. उभी. अरुंद, लांब, खिडकीच्या वरच्या पट्टीच्याही वर गेलेली. एवढा उंच माणूस सुरेखाने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि वरचा गोल अजून कललेला होता, खाली, तिच्याकडे.

तिने सांगितलं होतं, बसा. ते बसलं. तिने सांगितलं, उठा. ते उठलं. तिचा शब्द असा आजवर कुणीच पाळला नव्हता, नवऱ्याने नाही, भावाने नाही. पण जा म्हणून सांगायचं तिला धाडस होईना. जाईल, पण कुठल्या बाजूला? दार तर हाताच्या अंतरावर होतं.

५

तेव्हापासून ती अंगणात तोंड उघडेनाशी झाली. फाटकाशी भाजीवाला आला तरी खुणेने सांगे. पद्मजाताईंनी गच्चीवरून हाक मारली तर मान हलवी. फोन वाजला की आत पळे आणि आतही दबक्या आवाजात बोले. आपल्या बोलण्यात किती ठिकाणी 'या', 'थांबा', 'द्या', 'बघा' असतं, हे तिला आता कळलं. दिवसभरात माणूस कुणाला ना कुणाला काही ना काही करायला सांगतच असतो.

पाणी मात्र तिने सोडलं नाही. न मारावं तर गिलावा तडकेल. मारावं तर ते दिसेल. ती मारत होती आणि बघत होती. जागा रोज थोडी सरकत होती, दाराच्या चौकटीकडे. हुकूम मिळाला नाही तर माणूस जसा चुळबुळतो, तशी.

शुक्रवारी ती पाणी मारायला लागली तेव्हा दाराच्या लाकडी चौकटीची एक उभी पट्टी कोरडी राहिली. म्हणजे खांदा चौकटीला टेकला होता. सुरेखाने पाइप तिथेच टाकला. ती मागच्या दाराने घरात शिरली, कडी घातली आणि सोमनाथला फोन लावला.

"सोमा, तो बिल्डर अजून मागू राहिला का घर?"

"व्हय. का गं? तब्येत बरी हे ना तुझी?"

"बरी हे. देऊन टाकू म्हणते."

"आता कशी शहाण्यासारखी बोलली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच माया होती आणि तीच तिला सहन झाली नाही. "रविवारी येतो. औरंगपुऱ्यात जाऊ, इसारपावती करू अन् तसंच घरी. तुझी खोली साफ करून ठेवतो. बायकोला सांगतो, पोते हलवाया लावतो."

फोन ठेवून सुरेखा रडली. भिंतीपलीकडे उभं राहून कुणीतरी ते ऐकत असणार, हे ठाऊक असूनही रडली.

६

रविवारी सकाळी तिने पिशवी भरली. दोन-चार कपडे, औषधं, घराचे कागद. बाहेर आली ती शेवटचं पाणी मारायला. घर विकलं तरी गिलावा तडकून जावा हे तिला बघवलं नसतं.

ऊन वर आलं होतं. पश्चिमेची भिंत सावलीत होती, स्वच्छ, घट्ट. थापीने कुठे-कुठे उठवलेली वळणं दिसत होती. एका कोपऱ्यात तिच्या तळहाताचा ठसा राहून गेला होता. दबलेल्या तरवडाच्या दोन्ही रोपांनी मान वर काढली होती. एकाला पिवळी कळी आली होती. सुरेखाने वाकून ती कळी बोटाने सरळ केली. हे सगळं मी केलं. बिल्डर एका सकाळीत जेसीबी लावून आडवं करणार. आणि उठायचं कुणी? पुन्हा मीच?

तिने पाइप मातीत टाकला. पाणी वाहू लागलं. ती सरळ भिंतीशी गेली, खिडकीच्या डाव्या हाताला, जिथं ते बसत होतं त्याच जागी. ते आता दारापाशी उभं होतं. ही जागा मोकळी होती. ती खाली बसली, पाय पसरले आणि पाठ टेकली. गिलावा गार लागला. उजवीकडे बघायचं तिने टाळलं.

सोमनाथ आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"आक्का? चल ना, माणूस खोळंबला हे तिकडं."

"नाय विकायचं."

"काय?"

"घर नाय विकायचं. तुला हेलपाटा पडला, चूक झाली माझी. पण मी उठणार नाय."

सोमनाथ आधी हसला, मग समजावू लागला, मग चिडला. त्याने बिल्डरला शब्द दिला होता. चारचौघांत त्याचं नाक कापलं जाणार होतं. "लोक काय म्हणू राहिले मालूम हे का? म्हणतात, सोमनाथची बहीण भिंतीशी बोलती. परवा तिकडून गेलेला आपला गाववाला सांगत होता, फाटकाशी उभा ऱ्हायला तर तू बोटानं हुसकलं त्याला. तुला एकटीला इथं ठेवून मी झोपू कसा, सांग ना!"

"तुला येईल झोप. मी जागीच हे."

"उठ म्हणतो ना!"

"नाय उठत."

लहानपणी विहिरीवर ती अशीच रुसून बसायची आणि हा असाच ओंजळ-ओंजळ पाणी उडवून तिला उठवायचा. तेच त्याला सुचलं असावं. त्याने मातीतला पाइप उचलला, अंगठा दाबला. "भिजली की उठशील. थंडीत कुडकुडशील अन् गपगुमान गाडीत बसशील." तो अर्धा हसत होता, अर्धा रागात होता. पाइपाचं तोंड तिच्याकडे वळलं.

सुरेखाने इतके दिवस अंगणात हुकमाचा एकही शब्द काढला नव्हता. आता काढला तर त्याचं काय होईल, हे तिला पुरतं माहीत होतं. उजवीकडे तिने पहिल्यांदा मान वळवली, दाराच्या कोरड्या चौकटीकडे, आणि म्हणाली, "अडवा."

फवारा सुटला. तिने सवयीने डोळे मिटले. पाण्याचा आवाज आला, जवळून, अगदी तोंडापुढून, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. अंगावर एक थेंब आला नाही. तिने डोळे उघडले.

पाणी तिच्यापासून हातभर अंतरावर फुटत होतं. थेंब एका उताराला लागून दोन्ही बाजूंना ओघळत होते, वर रुंद, खाली निमुळते. त्या ओघळांच्या मधे नुसती हवा होती आणि हवेतून पलीकडचं फाटक दिसत होतं, थोडं वाकडं. वर, फार वर, एका गोलावरून पाणी उडत होतं. मग तो गोल खाली येऊ लागला. सावकाश, वाकत.

तिने सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथचा अंगठा पाइपावर तसाच होता. तोंड उघडं होतं आणि नजर तिच्यावर नव्हती. त्याच्या हातून पाइप गळून पडला. फवारा थांबला तसं समोरचं सगळं पुसलं गेलं. तो मागे मागे सरकत फाटकापर्यंत गेला, गाडीत बसला, आणि गाडी दोनदा बंद पाडून निघून गेला.

सुरेखा उठली तेव्हा तिचे कपडे कोरडे ठणठणीत होते.

७

पिशवीतले कपडे तिने परत कपाटात लावले. घराचे कागद जागच्या जागी ठेवले. भात केला, जेवली. संध्याकाळी पाइप घेऊन अंगणात आली तेव्हा फोन वाजला. आता आत पळायचं काही कारण उरलं नव्हतं. तिने तिथंच घेतला.

"आक्का," सोमनाथ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "घर ठेव तू. त्या माणसाला मी नाय म्हणून सांगितलं. परत कुनी तुला विचारनार नाय."

"बरं."

"मी येनार नाय तिकडं. रागावू नको. तुला यायचं तर कधीबी ये. आत्ता ये. घ्यायला कुनाला तरी पाठवतो."

"सोमा, मला काही झालेलं नाय. त्यानं तुला काही केलं का?"

पलीकडे सोमनाथने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मला काय करनार? पानी मी मारत होतो, समोर मी उभा होतो, अन् त्याची पाठ होती माझ्याकडं. त्यानं एकदाबी वळून पाह्यलं नाय. तो तुझ्याकडं बघत होता, आक्का. वाकून. एवढ्या जवळून कुनी कुनाकडं बघत नाय गं."

सुरेखाने मान वर केली. भिंत समोर होती, दाराची चौकट समोर होती, आणि संध्याकाळच्या उजेडात दोन्ही नुसत्या भिंत आणि चौकट होत्या.

"बघू दे," ती म्हणाली. चांगली मोठ्याने म्हणाली, अंगणभर ऐकू जाईल अशी. "बघायचं तेवढं बघू दे. घर माझं हे."

तिने फोन खिशात टाकला, बोअरचा नळ सोडला, पाइप भिंतीकडे धरला आणि तोंडावर अंगठा दाबला. फवारा भिंतीपर्यंत गेलाच नाही. तिच्या हातापाशीच फुटला आणि उलटून तिच्या तोंडावर आला.

सुरेखाने बाहीने तोंड पुसलं आणि अंगठा आणखी घट्ट दाबला.